मंजूर नकाशातली खोली

लोकांना स्वतःच्या घराचा रस्ता धड सांगता येत नाही, हे माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मी नकाशे काढते. इंजिनिअर नाही, आयटीआयला ड्राफ्ट्समनचा ट्रेड केला आणि बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात चिकटले, ती आजतागायत तिथंच आहे. लायसन साहेबांचं, सही साहेबांची, नकाशा माझा. बांधकाम परवानगीसाठी नगरपंचायतीत जाणाऱ्या बऱ्याच फायली माझ्या टेबलावरून जातात. परत आल्या तर शिव्याही मलाच खाव्या लागतात.

घराचा नकाशा सगळ्यांना हवा असतो, जागेचा कोणालाच नको असतो. माणूस येतो तोच हॉल, किचन, जिना, वर गच्ची असं सगळं डोक्यात बांधून येतो. साइट प्लॅनचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो. मग मी समजावते, की घर आतून कसं आहे याच्याशी नगरपंचायतीला फार देणंघेणं नसतं. तुमची जागा कुठं आहे, चारी बाजूंना कोण आहे, रस्ता कोणत्या अंगाला आणि किती रुंद, घर जागेत नेमकं कुठं बसतंय, कोणत्या बाजूला किती जागा मोकळी सोडली, विहीर आहे का, झाड आहे का, डोक्यावरून तार गेलीय का, सांडपाणी कुठं जाणार, हे सगळं त्या एका कागदावर लागतं. तपासणारा तोच कागद आधी उघडतो. जागेची हद्द जाड काळ्या रेघेत, होणारं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, रस्ता हिरवा. उत्तर दिशेचा बाण नसेल तर फाइल तिथंच बंद. एवढं सांगूनही समोरचा विचारतोच, की जागा आमची, पैसा आमचा, मग चारी बाजूंना सोडायचं कावून? त्यावर मी म्हणते, शेजारी मेल्यावर त्याला बाहेर काढायला वाट नको का. 

माझा स्वभाव असा आहे. टेपवर माझा विश्वास, तोंडावर नाही. गिऱ्हाईक सांगतं पस्तीस फूट, निघतात साडेतेहतीस. सांगतात गाडीरस्ता, तिथून बैलगाडी सोडा, मोटारसायकल वळत नाही. त्यामुळे मी विचारणंच कमी केलं होतं. जायचं, मोजायचं, फोटो काढायचे आणि यायचं. माझे अब्बा बसस्टँडच्या मागं विहिरीच्या मोटारी भरून देतात, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळतात. त्यांची पद्धत बरोबर उलटी. मोटार समोर आली तरी तिला हात लावायच्या आधी ते शेतकऱ्याला चहा पाजतात आणि विचारत बसतात, कधी बंद पडली, कोणी चालू केली होती, लाईट कमी होती का, पाणी किती खोल गेलंय. लहानपणी मला हे वेळखाऊ वाटायचं. मोटार उघडली की सगळं दिसतंच, मग एवढं खोदून विचारायचं कशाला, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. ते हसून सोडून द्यायचे.

ती बाई आली ती थंडीत, ऐन ऊसतोडीच्या दिवसांत. आमच्याकडं दसरा झाला की वस्त्याच्या वस्त्या कारखान्याच्या मुलखात ऊस तोडायला जातात आणि पाडव्याच्या पुढंमागं परत येतात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. ही त्यांच्यातलीच, सासू आजारी पडली म्हणून दोन दिवसांसाठी परत आली होती. माझ्याच वयाची असेल. हाताच्या बोटांना उसाच्या पाचटानं पडलेल्या चिरा होत्या आणि ती पिशवीतले कागद बाहेर काढताना ते मळू नयेत म्हणून बोटं पदराला पुसत होती. पाटोद्याच्या रस्त्याला तिची वस्ती. नगरपंचायत झाली तेव्हा ती वस्ती हद्दीत आली आणि आता घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. पण मंजूर नकाशा जोडल्याशिवाय पुढचं काहीच हलत नव्हतं.

घर किती मोठं, स्लॅब का पत्रा, यातलं तिनं काही विचारलं नाही. तिचं एकच म्हणणं होतं. "ताई, एक खोली अशी काढा, की आतून कडी लागंल. बाकी कसं बी करा."

तिला दोन मुली. धाकटी सहावीत, ती आईबापाबरोबर तोडीवर जायची आणि तिथल्या शाळेत बसली तर बसायची. थोरली अकरावीला, शिकायचं म्हणून गेली दोन वर्षं आजीजवळ मागं राहिली होती. राहायला पत्र्याचं शेड. त्याचं दार म्हणजे एक सुटा पत्रा, तारेनं बांधलेला. आजीला कमी ऐकू येतं. दिवाळीनंतर कोणीतरी दोनदा त्या पत्र्यावर दगड मारून गेलं. कोण ते पोरीला माहीत होतं, पण तिनं नाव सांगितलं नाही. बाप म्हणाला, बस झालं शिक्षण, पुढच्या साली हिला मागं ठेवायची नाही, स्थळं यायला लागलीत. बाईनं नवऱ्याशी भांडून एक कबुली मिळवली होती. पुढच्या दसऱ्याच्या आत विटांचं घर उभं राहिलं, त्याला दार बसलं, तर पोरगी राहील आणि बारावी करेल. नाही राहिलं, तर बरोबर येईल, आणि मग जे व्हायचं ते होईल.

हे तिनं रडून-बिडून नाही सांगितलं, फक्त दिवस मोजून सांगितले. पाडव्याला आम्ही येतो, तवर परवानगी झाली तर चैत्र, वैशाख, जेठ, पावसाच्या आत भिंती, श्रावणात स्लॅब. मला ती आवडली. असं नीट हिशेबानं बोलणारं गिऱ्हाईक माझ्या वाट्याला क्वचित येतं. मी म्हटलं, होऊन जाईल, तुमची जागा गावठाणातली आहे, सोपं काम आहे. ती त्याच संध्याकाळी परत तोडीवर गेली.

पुढच्या आठवड्यात मी स्कूटी काढून मोजायला गेले. पोरगी कॉलेजला गेली होती. वस्ती ओस पडलेली, घरांना कुलपं नाहीतर काटे. एक म्हातारी काठी टेकत आली, तीच सासू. तिनं मला वस्तीच्या मागच्या बाजूनं, एका शेताच्या कडेच्या पायवाटेनं शेडपर्यंत नेलं. वाट बऱ्यापैकी रुंद होती, बैलगाडी जाईल एवढी, आणि चालून चालून घट्ट झालेली. शेडच्या पुढं, म्हणजे पूर्वेला, बाभळीच्या काट्यांची कुपाटी घातलेली होती, आणि तिच्या आत कडब्याची गंज, चार-पाच शेळ्या, एक फुटका हौद. कोणाचं तरी वाडगं, म्हणजे शेळ्या कोंडायची जागा असावी, असं मी धरलं.

उताऱ्यावर पूर्वेला बोळ लिहिली होती. मी ती वाचली होती, हे इथं कबूल करते. पण ग्रामपंचायतीच्या काळातल्या उताऱ्यांवर चतुःसीमेत काय वाट्टेल ते असतं. मेलेल्या माणसांची, विकलेल्या जागांची, पडलेल्या भिंतींची नावं तशीच चालत येतात. समोर रस्ता नाही आणि मागं ढळढळीत आहे, मग कागदाचं कशाला ऐकायचं. म्हातारी माझ्याबरोबर फिरत होती आणि काठीनं सारखी त्या काट्यांकडं दाखवून काहीतरी सांगत होती. मी दोन प्रश्न ओरडून विचारले, ते तिला ऐकू गेले नाहीत, मग मीही हो हो करत राहिले. मला वाटलं, शेळ्यांची तक्रार करतेय. तासाभरात मोजून मी परत आले.

नकाशा चांगला झाला होता, आजही तसंच म्हणेन. छोट्या जागेत हॉल, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि नियमाला लागते तेवढ्या मापाची एक खोली, सगळं बसवलं. रस्ता पश्चिमेला हिरवा रंगवला, दार पश्चिमेला काढलं, आणि संडासाची टाकी पूर्वेला, त्या काट्यांच्या बाजूला टाकली. नकाशाचा फोटो मी बाईला पाठवला आणि फोन करून सांगितलं, की दार मागच्या अंगाला येईल, कारण रस्ता तिकडं आहे.

"रस्ता तर पुढनं हाय ताई, लिंबाकडनं," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी स्वतः जाऊन मोजलंय. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता आणि कोणीतरी तिला हाक मारत होतं. ‘आले’ असं तिनं तिकडं ओरडून सांगितलं. मग म्हणाली, "तुमाला कळतंय त्ये. तुमी शिकलेल्या."

या वाक्याचा मला तेव्हा काहीच त्रास झाला नाही, उलट बरं वाटलं. फाइल ऑनलाइन चढवली, साहेबांची सही घेतली, कागदांची प्रत नेऊन दिली. मार्चचा महिना ऑफिसांना हिशेबाचा असतो, त्यात कोणी जागा बघायला येत नाही. पाडवा झाला, टोळ्या परत आल्या, वस्ती पुन्हा भरली. बाई एकदा पोरीला घेऊन ऑफिसात आली आणि अजून पाहणी झाली नाही म्हटल्यावर पुन्हा दिवस मोजून गेली. पोरीनं भिंतीवर लावलेला दुसऱ्या कोणाचा तरी नकाशा बराच वेळ बघितला. आपला नकाशा बघायचा का, असं मी तिला विचारायला हवं होतं. मी दुसऱ्या कामात होते.

वैशाखात पाहणीचा दिवस ठरला. नगरपंचायतीचा नवा तांत्रिक अधिकारी आला, वयानं माझ्याहून बराच लहान, डोक्याला पांढरा गमजा गुंडाळलेला. त्याच्या मोटारसायकलच्या मागं माझी स्कूटी. तो वस्तीत सरळ पुढच्या बाजूनं शिरला, लिंबाच्या झाडाजवळून, आणि एका चांगल्या रुंद गल्लीतून शेडच्या दारात जाऊन थांबला. मी त्याच्या मागं त्या गल्लीत उभी होते. काटे नव्हते, कडबा नव्हता, वाडगं नव्हतं. दोन्ही बाजूंनी घरांची दारं उघडी, पोरं खेळत होती, एक बाई दारात धान्य पाखडत होती. जिथं मी संडासाची टाकी काढली होती तिथून दोन हातांवर एक टेम्पो उभा होता.

अधिकाऱ्यानं नकाशा आडवा केला, उभा केला, उत्तरेचा बाण बघितला आणि विचारलं, "मॅडम, तुमचा रस्ता कुठंय?"

आम्ही मागं गेलो. माझा हिरवा रस्ता नांगरून काळा झाला होता. शेताचा मालक, मेंढरं राखणारा एक उंच म्हातारा, बांधावर बसला होता. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, "ह्यो माझा बांध हाय. टोळ्या गेल्या की मागं ऱ्हायलेली म्हातारी माणसं गल्लीच्या दोनी तोंडाला काट्या लावत्यात. जनावर शिरू न्हाई, चोरचिलट शिरू न्हाई. मंग गल्लीत शेळ्या कोंडायच्या, कडबा रचायचा. तवर ती हितनं ये-जा करत्यात. मी काय म्हनत न्हाई. माणसं आली की काट्या निघत्यात, मी माझं रान नांगरितो."

दर साली असंच चालतं, त्यानं सांगितलं. अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं, शेळ्यांनासुद्धा ठाऊक असेल. सहा महिने त्यांची गल्ली नसते आणि सहा महिने असते, आणि ती नसते त्या महिन्यांत जाऊन मी मोजलं होतं. बाई फोनवर सांगत होती, म्हातारी काठीनं दाखवत होती, उताऱ्यावर लिहिलेलं होतं. तिघांनी सांगितलं आणि तिघांपैकी एकाचंही मी ऐकलं नाही. 

अधिकारी वाईट नव्हता. त्यानं मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, की पहिल्यांदाच गल्ली दाखवली असती तर इथंच टेप लावून त्यानं फाइल पुढं सरकवली असती. आता कागदोपत्री एक रस्ता पश्चिमेला आहे आणि उद्या दुसरा पूर्वेला येणार. शिवाय गल्लीत समोरच्याचा ओटा पुढं आलाय, रुंदी नेमकी किती धरायची हा प्रश्न आहेच. त्यामुळं आता सरकारी मोजणी लागेल, मोजणीचा नकाशा जोडून नव्यानं प्रस्ताव करावा लागेल. नियमानं त्याचं बरोबर होतं. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी अब्बांना सगळं सांगितलं. ते मोटारीच्या वेटोळ्यांतली तार मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "पूछी नै क्या तू उनको?" मी म्हटलं, विचारलं होतं. पण ते खरं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

बाईला मी खरं सांगितलं नाही. म्हणाले, त्रुटी निघाली. त्रुटी हा आमच्या धंद्यातला फार सोयीचा शब्द आहे. तो कोणाची चूक ते सांगत नाही, त्रुटी फाइलवर पावसासारखी वरून पडते असं वाटतं. बाईनं विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, महिना, दीड महिना. तिनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, तरी बी जमतंय.

मग मी धावपळ केली. जीव तोडून केली, हे खरं आहे, पण चुकीनंतरची धावपळ ही चुकीचीच असते, तिचं कौतुक नको. मोजणीची तारीख मिळाली ती आषाढातली, त्या दिवशी पाऊस लागला म्हणून पुढची मिळाली. थोरली मुलगी मोजणीच्या दिवशी माझ्याबरोबर होती. मी या वेळी तिला प्रत्येक गोष्ट विचारली, आणि तिला सगळं माहीत होतं. ओटा कोणी कधी बांधला, पाणी कुठं तुंबतं, विजेचा खांब आधी कुठं होता, गल्लीतून लग्नाची गाडी कुठपर्यंत आत येते. नवीन साइट प्लॅन मी तिच्यासमोर काढला. कॉम्प्युटरवरच्या रेघा तिला पहिल्याच झटक्यात कळल्या. आपल्या खोलीवर बोट ठेवून तिनं विचारलं, खिडकी ह्या बाजूला घेता येईल का, सकाळचं ऊन तिकडून येतं, वाचायला बरं. मी घेतली. घरातल्या कोणी काही मागितलं असेल तर त्या आतल्या कडीनंतर हे एवढंच.

नवा प्रस्ताव श्रावणात गेला. पाहणी लगेच झाली, शेरा चांगला आला. राहिली फक्त वरची सही. आणि मग निवडणूक लागली. आचारसंहिता आली, सही करणारे नगरपंचायतीचे मुख्याधिकारी इलेक्शनच्या कामाला जुंपले गेले. त्यांच्याकडं दोन गावांचा चार्ज, आमच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस, आणि तोही मीटिंगमध्ये जायचा. मी त्या दिवशी सकाळपासून जाऊन बाकड्यावर बसायचे. शिपाई मला बघून हसायला लागला. आमचे इंजिनिअर साहेब म्हणाले, एवढी कुठल्याच फाइलच्या मागं लागली नाहीस, नात्यातलं काम आहे का? मी म्हटलं, हो.

दसरा झाला. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक ठरला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई ऑफिसात आली. उभ्या उभ्याच विचारलं, "आलं का ताई?"

मी म्हटलं, नाही. येईल, सहीवर आहे.

ती खुर्चीवर बसली, ग्लासभर पाणी प्याली. मला वाटलं आता बोलेल, भांडेल, निदान विचारेल की महिना-दीड महिना म्हणाला होतात त्याचं काय झालं. तिनं काही विचारलं नाही. परवानगी आली की फोन करा, म्हणाली, आणि पुढच्या पाडव्याला आलो की बांधू. पोरीचं काय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. थोरलीही ट्रकमध्ये बसली. कॉलेजची पुस्तकं बरोबर नेलीत, असं नंतर आजीनं सांगितलं.

परवानगी कार्तिक संपता संपता आली. मंजुरीचा गोल शिक्का, प्रत्येक पानावर सही, अटी-शर्तींचं पत्र. इतक्या वर्षांत शेकड्यानं असे नकाशे हातात घेतले असतील, हा एकच मी टेबलावर ठेवून त्याच्याकडं बघत बसले. मग फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा तिनं उचलला.

मी म्हटलं, नकाशा मंजूर झाला.

"बरं झालं ताई," ती म्हणाली. "आता काय घाई न्हाई. थोरलीचं जमलंय. माघात हाय. इकडंच एका कोयत्यातलं पोरगं हाय, चांगलं हाय."

अजून अठरा पूर्ण झाली नाहीत तिला, एवढंच मला सुचलं, आणि मी ते म्हटलं. ती म्हणाली, माघापर्यंत होत्यात, मोजलंय मी. तिचं मोजणं कधी चुकत नव्हतं. चुकलं होतं ते माझं, आणि मग मी तिला सगळं सांगितलं. त्रुटी-बिटी काही नव्हतं, रस्ता मी चुकीचा काढला होता, तुम्ही सांगत होतात तो बरोबर होता, तेव्हाच ऐकलं असतं तर वैशाखात परवानगी हातात असती आणि पोरगी आज बारावीच्या वर्गात असती.  मला तिनं शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या खाऊन मी मोकळी झाले असते.

फोनमध्ये मागून उसावर पडणाऱ्या कोयत्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "काट्या आमीच लावल्या व्हत्या की. तुमी तरी काय करसाल."

इतकं बोलून तिनं तो विषय संपवला. आणि मग कामाचं विचारावं तसं विचारलं, की नकाशातली ती पोरीची खोली आता काढून टाकता येईल का. ती काढली तर हॉल मोठा होतो, चार माणसं बसतात, लग्नकार्याला बरं पडतं. नवऱ्याचंही तेच म्हणणं आहे. खोलीचं आता काय काम.

मी धाकटी कितवीला आहे ते विचारलं.

"सातवीत. का?"

मी म्हटलं, खोली काढता येणार नाही. मंजूर नकाशा आहे, शिक्का बसलाय, त्यातली एक भिंत इकडची तिकडं हलवता येत नाही. खोली बांधावीच लागेल, त्याच मापाची, त्याच जागी, खिडकीसकट, दारासकट. नाही बांधली तर नगरपंचायतीची माणसं येतात आणि घरकुल अडकतं. मी हे इतक्या कडक आवाजात सांगितलं, की बाजूच्या टेबलावरून साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

ती म्हणाली, "कायदाच तसा आसंल तर मंग आसू द्या. मालकाला सांगते."

कायदा तसा नाही. सुधारित नकाशा म्हणून एक साधी सोय असते. एक अर्ज आणि नव्या नकाशाच्या प्रती दिल्या की घराच्या आतली भिंत सहज काढता येते. मी आजवर कितीतरी लोकांना ते करून दिलंय. नियमाच्या बाबतीत मी कोणाशी कधी खोटं बोलले नव्हते, ते त्या दिवशी बोलले. साहेबांनीही ऐकलं आणि पुन्हा आपल्या कागदात मान घातली. पाडव्यानंतर पायाची आखणी करायला मी स्वतः गेले आणि त्या खोलीच्या चारी कोपऱ्यांना चुना मीच टाकला. तिला खरं मी अजून सांगितलेलं नाही. धाकटी बारावी होईपर्यंत सांगणारही नाही.